लाळ्या-खुरकुताची लस घासातून कधी मिळणार?

संगमनेर भागातल्या एका तरुण दूध उत्पादकाने तीन प्रश्न विचारलेत. त्यांच्याकडे चौदा संकरित गाई, तीन लहान वासरं आणि वीस गुंठे लसूणघास आहे. जनुक बदललेल्या वनस्पतीच्या पाल्यातच लस तयार होते आणि ती जनावराला नुसती खाऊ घालायची असते, असं त्यांच्या वाचनात आलं. मग लाळ्या-खुरकुताची लस असलेला घास आपल्या रानात कधी लावता येईल? अशा गाईचं दूध माणसाला चालेल का? आणि सुई टोचली की दोन-चार दिवस दूध कमी होतं, तर तो घास येईपर्यंत यंदाची लस टाळली तर चालेल का?

दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. लस टाळू नका. दूध कमी होतं हे खरं आहे. काही गाईंना टोचल्यावर कणकण येते, त्या एखाद-दुसरी वेळ चारा सोडतात, दूध घटतं आणि चार दिवसांत परत वर येतं. पण लाळ्या-खुरकूत शिरलेल्या गोठ्यात मी पहाटे जाऊन उभा राहिलोय. गाय मान खाली घालून उभी असते, तोंडातून दोरीसारखी लाळ लोंबत असते, जीभ धरायला जावं तर वरची सालच हातात येते. खुरांच्या बेचक्यात जखमा आणि त्यावर माश्या. बहुतेक गाई बऱ्या होतात, पण काही पुढे कायमच्या धापकऱ्या होतात. जरा ऊन वाढलं की तोंड उघडून धापा टाकतात, अंगावर केस वाढतात, वेळेवर गाभण राहत नाहीत. लहान वासरं तर तोंडात एक फोड दिसायच्या आधीच जातात. अशा एका वासराचं शवविच्छेदन केलं तेव्हा त्याच्या हृदयावर वाघाच्या अंगावर असतात तसे फिकट पट्टे होते. मालक शेजारीच उभा होता. रात्री दूध प्यायलेलं वासरू सकाळी गेलं कसं, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. ही गोष्ट चार दिवसांच्या दुधाशी तोलू नका.

आता घासाकडे येतो. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. विषाणूच्या अंगावरचं एखादं प्रथिन असं असतं, की ते ओळखायला शिकलं की जनावराचं शरीर आख्ख्या विषाणूला ओळखतं. ते प्रथिन बनवण्याची कृती विषाणूच्या ज्या जनुकात असते, तेवढंच जनुक उचलून वनस्पतीच्या पेशीत बसवतात. बसवायचं काम बहुतेक वेळा ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जिवाणू करतो. गुलाबाच्या बुडाशी कधी कधी गाठी येतात त्या त्याच्याच. स्वतःची जनुकं झाडाच्या पेशीत घुसवायची त्याला उपजत सवय आहे, तिचाच उपयोग करून घ्यायचा. त्या पेशीपासून रोप वाढवलं की त्याच्या पानापानात ते प्रथिन थोडं थोडं तयार होतं. पूर्ण विषाणू त्यात कुठेच नसतो, त्यामुळे पाला खाऊन रोग होईल ही भीती नाही.

लाळ्या-खुरकुताच्या बाबतीत ही गोष्ट फार मोलाची आहे. आज जी लस आपण टोचतो ती करायला आधी जिवंत विषाणू मोठ्या प्रमाणात वाढवावा लागतो आणि मग तो मारावा लागतो. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या पिरब्राइट इथे, जिथे या विषाणूवर संशोधन होतं आणि लसही बनत होती, तिथल्या गळक्या सांडपाणी-वाहिनीतून विषाणू बाहेर पडला आणि आसपासच्या गोठ्यांत साथ आली. लस करणाऱ्या जागेतूनच रोग बाहेर जाण्याचा हा धोका वनस्पतीत मुळातच नाही. म्हणून या संशोधनाबद्दल मला मनापासून आस्था आहे आणि गेली वीस-पंचवीस वर्षं मी ते लक्ष ठेवून वाचत आलोय.

सुरुवात माणसांच्या लशीपासून झाली. १९९२ मध्ये अमेरिकेत चार्ल्स आर्न्ट्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखूच्या पानात कावीळ-ब चं प्रथिन तयार करून दाखवलं. गरीब देशांतल्या मुलांना केळ्यातून लस द्यावी, हे त्यांचं स्वप्न होतं. त्याच दशकाच्या शेवटी अर्जेंटिनातल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचं व्हीपी-१ हे प्रथिन चक्क लसूणघासात उतरवलं. तो पाला खाल्लेल्या उंदरांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, तयार झाली आणि नंतर विषाणू टोचल्यावरही त्यातले बरेच वाचले. तुमच्या वाचनात आला तो घास बहुधा हाच. १९९९ सालची गोष्ट आहे ती.

आपल्या देशातलं काम तर मला त्याहून जवळचं वाटतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. एस. शैला आणि जी. लक्ष्मी सीता यांच्या गटाने गुरांच्या बुळकांडी रोगाच्या विषाणूचं प्रथिन तुरीत आणि भुईमुगात बसवलं. भुईमुगाचा पाला त्यांनी उंदरांवर न थांबता गुरांना खाऊ घातला. गुरांच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं आली आणि त्या रक्तजलाने प्रयोगशाळेत विषाणू निष्प्रभ केला. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर या साथीच्या रोगासाठीही भुईमुगाचाच प्रयोग मेंढ्यांवर झाला. आपल्याकडे भुईमुगाचा वेल, म्हणजे शेंगा तोडल्यावर उरणारा पाला, जनावरं आवडीने खातात. म्हणजे चारा नेमका निवडला होता. शिवाय भुईमुगाचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे बाजूच्या रानात जनुक पसरायची शक्यता कमी.

मग तो भुईमूग कुठे गेला? बुळकांडीच संपली. तुमच्या आजोबांना विचारा, बुळकांडीच्या हगवणीने गावंच्या गावं बैलांवाचून कशी रिकामी व्हायची ते त्यांच्या तरी कानावर असेल. या रोगाचा अभ्यास करायला आपल्या पुण्यात १८८९ मध्ये एक जीवाणुशास्त्र प्रयोगशाळा सुरू झाली होती. ती पुढे कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरला गेली आणि तीच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. भारतातला बुळकांडीचा शेवटचा रोगी १९९५ मधला आणि २०११ मध्ये सगळं जग या रोगातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. हे काम सुईने झालं. त्या रोगाची टोचायची लस इतकी चांगली होती, की एकदा दिली की जनावराला बहुधा जन्माची पुरायची. जिथे अशी स्वस्त आणि टिकाऊ लस हातात आहे, तिथे पाल्याची लस कितीही हुशारीने केलेली असली तरी तिला जागा उरत नाही. पीपीआरचंही आज असंच आहे. एक सुई मेंढीला कैक वर्षं पुरते.

लाळ्या-खुरकुताची गोष्ट वेगळी, कारण तिची लस सहा महिन्यांनी परत द्यावी लागते, सतत थंडाव्यात सांभाळावी लागते आणि ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार तिच्यात घालावे लागतात. म्हणजे इथे नव्या वाटेची गरज खरोखर आहे. पण इथेच घासाची लस अडते.

तुमच्या गोठ्यात घास टाकल्यावर काय होतं ते आठवा. गव्हाणीत पेंढी पडली की मोठ्या शिंगांची, जुनी गाय आधी आपलं संपवते आणि मग शेजारणीच्या वाट्यात तोंड घालते. पहिलारू बुजून मागे सरते. अशक्त झालेली, जिला खरी गरज, ती हुंगूनही बघत नाही. आता त्या पेंढीत लस आहे असं समजा. कोणाला किती गेली? कोवळ्या पानात प्रथिन जास्त, जून पानात कमी, देठात त्याहून कमी. पहिल्या कापणीचा घास आणि उन्हाळ्यातल्या कापणीचा घास सारखा नसतो. सकाळी कापून दुपारपर्यंत ढीग लावून ठेवला की आतून तापतो आणि प्रथिनाची नासाडी सुरू होते. सुईत दोन मिलीलिटर म्हणजे दोन मिलीलिटर. घासात तेच मोजता येत नाही.

दुसरी अडचण गाईच्या पोटाची. वनस्पतीच्या पेशीला जाड भिंत असते, ती आतल्या प्रथिनाला जठरातल्या आम्लापासून वाचवते, हा या तंत्राचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो. डुकराच्या आणि कोंबडीच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण गाय रवंथ करते. तिच्या पोटात शंभराहून जास्त लिटरची ती पहिली कोठी असते, आणि तिथले सूक्ष्मजीव नेमकी तीच भिंत फोडून खाण्यासाठी असतात. चिलखत म्हणून जे सांगतात तेच त्यांचं अन्न. तुम्ही बायपास प्रोटीनचं खाद्य विकत घेता ते यासाठीच ना? साधं प्रथिन कोठीत मोडलं जातं, म्हणून झाकलेलं प्रथिन विकत आणावं लागतं. लशीचं प्रथिनही प्रथिनच आहे. मग बंगळुरूच्या गुरांत प्रतिपिंडं आली कशी? मला पटणारं स्पष्टीकरण असं, की चावताना आणि रवंथ करताना पाल्याचा रस घशातल्या टॉन्सिलसारख्या गाठींना पुन्हा पुन्हा लागत राहतो, आणि थोडं प्रथिन कोठीतून निसटून पुढे आतड्यातही जात असावं. म्हणजे गाईला तोंडावाटे लस अशक्य नाही. पण तुमच्या दावणीला भरवशाने चालायला ती अजून फार कच्ची आहे. शिवाय व्हीपी-१ हे विषाणूच्या कवचाचं एक अंग आहे. आख्खं कवच जितकं जोरदार संरक्षण देतं तितकं हे एकटं प्रथिन देत नाही.

तिसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती फारशी कोणी बोलत नाही. तुमची गाय रोज सरकी पेंड खाते, मका खाते, घास खाते. या सगळ्यांत परकी प्रथिनं आहेत, तरी तिचं शरीर त्यांच्याविरुद्ध लढत नाही. तोंडावाटे रोज येणारी गोष्ट म्हणजे अन्न, हे आतडं शिकून घेतं. तसं नसतं तर प्रत्येक घासाला पोट बिघडलं असतं. लशीचं प्रथिन रोजच्या चाऱ्यातून महिनोन्महिने पोटात गेलं तर शरीर त्यालाही अन्नच समजण्याचा, म्हणजे रोगाकडे दुर्लक्ष करायला शिकण्याचा धोका आहे. म्हणून लस ही मोजून, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या अंतराने द्यायची वस्तू आहे. वीस गुंठ्यांत लावून वर्षभर कापत राहायच्या घासाचा स्वभाव बरोबर याच्या उलट आहे.

आणि रानाचं काय? लसूणघास एकदा लावला की तीन-चार वर्षं राहतो, त्याच्या फुलावर मधमाश्या येतात आणि पराग नेतात. मक्याचा पराग वाऱ्यावर जातो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात प्रॉडिजीन या कंपनीच्या औषधी प्रथिनाच्या मक्याचे दाणे जमिनीत पडून राहिले आणि दुसऱ्या वर्षी त्याच रानातल्या सोयाबीनमध्ये उगवले. मळणी होऊन ते सोयाबीन कोठारातल्या मालात मिसळलं. सुमारे पाच लाख बुशेल (बुशेल हे तिकडचं धान्याचं माप) सोयाबीन नष्ट करावं लागलं आणि कंपनीला अडीच लाख डॉलर दंड झाला. हीच कंपनी डुकरांच्या पिल्लांच्या हगवणीवर, टीजीई नावाच्या विषाणूवर, मक्यातून खायची लस करत होती आणि तिचे पिल्लांवरचे निकाल आशादायक होते. एका हंगामातल्या निष्काळजीपणाने पुढच्या कितीतरी वर्षांचा विश्वास गेला. हे वाचताना मला हळहळ वाटली होती, कारण ते विज्ञान चुकीचं नव्हतं.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो तेही बघा. जनुकबदल केलेलं पीक म्हणून आज अधिकृतपणे शेतात आहे ते फक्त बीटी कापूस, २००२ पासून. बीटी वांग्यावर २०१० मध्ये स्थगिती आली. मोहरीच्या वाणाची शिफारस २०२२ मध्ये झाली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. लशीच्या घासाला तर बियाणं म्हणून आणि औषध म्हणून, अशा दोन्ही दारांतून जावं लागेल. आणि समजा मंजुरी मिळालीच, तरी परवानगी नसलेलं एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सोसणाऱ्या कापसाचं, बियाणं विदर्भात कसं गावोगाव पोचलं ते आपण पाहिलंय. लशीच्या घासाचं बेणं असंच हातोहात फिरलं तर प्रत्येक जण म्हणेल, माझ्या गाईंना लस झालीये, टोचायची गरज नाही. गावातल्या नव्वद गाई अर्धवट सुरक्षित आणि कागदावर पूर्ण सुरक्षित, याहून वाईट परिस्थिती साथीला मिळणार नाही.

मग बाजारात आलं काय? २००६ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने डाऊ ॲग्रोसायन्सेस या कंपनीच्या, कोंबड्यांच्या राणीखेत रोगावरच्या लशीला मंजुरी दिली. वनस्पतीत बनलेली मंजूर झालेली पहिली लस ती. पण ती तंबाखूच्या पेशी बंद टाकीत वाढवून केलेली होती आणि कोंबडीला टोचायची होती, शिवाय ती पुढे विक्रीला आलीच नाही. जपानमध्ये २०१३ मध्ये एका औषधाला मंजुरी मिळाली. ते कुत्र्यांच्या हिरड्यांच्या सुजेवरचं, स्ट्रॉबेरीत बनवलेलं कुत्र्याचं इंटरफेरॉन, म्हणजे रोगाशी लढायला शरीर स्वतः बनवतं ते एक प्रथिन, आहे. ती लस नव्हे, पण तुम्हाला वाट दाखवणारं उदाहरण आहे. ती स्ट्रॉबेरी होक्काइडोत पूर्ण बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात वाढते. फळ गोठवून वाळवतात, पूड करतात आणि मोजलेली पूड कुत्र्याच्या हिरड्यांना चोळतात. रान नाही, पराग नाही, मधमाशी नाही. मापही ठरलेलं.

माझ्या समजुतीने खायची लस खरी येईल ती अशीच, पुडीत किंवा गोळीपेंडीत, आणि गाईच्या आधी कोंबडीला. कारण सांगतो. पाड्यावरच्या बाईकडे आठ-दहा देशी कोंबड्या असतात. राणीखेतीची, म्हणजे मानमोडीची, लस शंभर-दोनशे मात्रांच्या कुपीत येते आणि एकदा पातळ केली की दोन तासांत संपवावी लागते. मी हे काम करायचो तेव्हा रात्री जायचो, कारण दिवसा त्या हाती लागत नाहीत. बॅटरीच्या उजेडात खुराड्यातून एकेक काढायची, डोळ्यात थेंब टाकायचा, पापणी मिटली की सोडायची. पाच घरं होईपर्यंत बर्फ पाणी झालेला असायचा. पाण्यातूनही लस देतात, त्यात दुधाची पावडर घालतात म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनने ती मरत नाही. पण अंगणातल्या कोंबड्या गटारीचंही पाणी पितात. म्हणजे खाण्या-पिण्यातून लस ही कोंबडीला नवी नाही, फक्त उष्णतेत टिकणारी आणि दाण्यासारखी उधळता येणारी हवी. मेक्सिकोत २००६ मध्ये राणीखेतीचं प्रथिन मक्याच्या दाण्यात उतरवून पिल्लांना खाऊ घातलं, तेव्हा त्यांना संरक्षण मिळाल्याचं दिसलं. दाणा पाल्यापेक्षा कितीतरी बरा: कोरडा असतो, साध्या कोठीत महिनोन्महिने टिकतो आणि दळून मिसळला की प्रत्येक मुठीत माप जवळपास सारखं येतं. कोंबडीला गाईसारखी ती कोठीही नाही. बंद शेडमध्ये वाढवलेल्या अशा मक्याचा भरडा मला एकदा तरी पाड्यावर नेऊन उधळायचा आहे.

डुकराच्या पिल्लांसाठी बेल्जियममध्ये आणखी एक सुंदर काम झालंय. त्यांनी लस न देता आयती प्रतिपिंडंच वनस्पतीच्या बियांत बनवली, बिया खाद्यात मिसळल्या आणि दूध तुटलेली पिल्लं हगवणीच्या ई. कोलाय जिवाणूपासून वाचली. २०१३ सालचं हे काम. गाईच्या नवजात वासरांची हगवण अशीच थांबवता येईल का, हा विचार माझ्या मनात तेव्हापासून आहे. वासरू चोखून पितं तेव्हा दूध अन्ननळीच्या पन्हाळीतून थेट चौथ्या पोटात जातं, ती मोठी कोठी टाळून. म्हणजे गाईत अडणारी गोष्ट वासरात अडत नाही. मी तरुण संशोधक असतो तर इथेच हात घातला असता.

दुधाबद्दल विचारलंत. गाईने खाल्लेलं लशीचं प्रथिन तिच्या पोटात इतर प्रथिनांसारखंच पचतं, ते जसंच्या तसं दुधात उतरत नाही. काळजीची जागा दूध नाही. तो पाला किंवा दाणा चुकून माणसाच्या धान्यात मिसळणं, ही खरी काळजी, नेब्रास्कात झाली तशी. म्हणून मी खाण्याच्या पिकात, उघड्या रानात, लस बनवण्याच्या विरोधात आहे, आणि बंद जागेत बनवण्याच्या बाजूने.

यंदा काय कराल ते सांगतो. २०१९ पासून लाळ्या-खुरकुताचं लसीकरण देशभर सरकारतर्फे मोफत होतं, त्यासाठी कानात बारा आकडी बिल्ला हवा. ज्या गाईंचा पडला असेल त्यांना आधी लावून घ्या. टोचणी सकाळी थंड वेळी करून घ्या, लस बर्फावरच्या डब्यातून निघतेय ना हे स्वतः बघा, तुम्ही विचारलंत तर डॉक्टरांना राग येत नाही. ज्या गाईला ताप आहे तिला त्या दिवशी सोडा आणि बरी झाल्यावर नक्की टोचा. शेवटच्या महिन्यातल्या गाभण गाईबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. गावातल्या सगळ्या गोठ्यांचं एकाच आठवड्यात झालं तर उत्तम. शेजाऱ्याची राहिलेली गाय तुमच्याही गाईंना महाग पडते. आणि ती तीन वासरं: चार महिन्यांची झाली की पहिली मात्रा, त्यानंतर एका महिन्याने दुसरी. ही दुसरीच लोक विसरतात. पहिली टोचून झाली की लगेच दुसरीची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.